दोन कपाटांतले कागद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तालुक्याच्या गावात तुम्ही दोघे मिळून बातम्यांचे संकेतस्थळ आणि यूट्यूब चॅनेल चालवता. नगरपरिषदेने केलेला काँक्रीटचा रस्ता वर्षभरात उखडला. त्यावर तीन बातम्या केल्या. पहिलीत खड्ड्यांचे चित्रण, दुसरीत रहिवाशांच्या प्रतिक्रिया, तिसरीत विरोधी नगरसेवकाचा आरोप. लोकांनी बघितल्या, पुढे पाठवल्या. मुख्याधिकारी म्हणाले, ‘आरोप निराधार आहेत’, आणि विषय तिथेच मिटला. मग स्वतंत्र पत्रकारिता सत्तेला जाब विचारते हे फक्त भाषणापुरते आहे का, आणि आमचे कुठे चुकते?

तिन्ही बातम्या खऱ्या असतील यात मला शंका नाही. अडचण एवढीच, की ज्याचे उत्तर कुणा एका अधिकाऱ्याला द्यावेच लागेल असा एकही प्रश्न त्यांत नाही. ‘रस्ता निकृष्ट आहे’ याला ‘निराधार’ हा एक शब्द पुरतो. ‘काँक्रीट २० मार्चला ओतले, मग २८ दिवसांनंतरच्या चाचणीचा अहवाल ३१ मार्चच्या बिलाला कसा जोडला गेला?’ याला तो पुरत नाही. सही कुणाची, तारीख कोणती, पान कितवे, हे सगळे प्रश्नातच असते.

या कामात हाती लागणारा प्रत्येक कागद एकेकटा पाहिला तर बहुधा स्वच्छ असतो. गडबड दिसते ती दोन कागद शेजारी ठेवल्यावर, आणि ते दोन कागद नेहमी वेगवेगळ्या कपाटांत असतात. त्यांना एका टेबलावर आणणे हेच आपले काम.

महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण १९८१ चे. इंडियन एक्सप्रेसमध्ये अरुण शौरी यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांच्याशी संबंधित, देणग्या घेणाऱ्या प्रतिष्ठानांवर लिहिले. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. देणगी देणे हा गुन्हा नाही, सिमेंटचा कोटा मिळणे हाही नाही. पण देणगीदार बिल्डरांची यादी आणि कोटा मिळालेल्या बिल्डरांची यादी एकमेकींशेजारी आली, आणि प्रश्न उभा राहिला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. मुख्यमंत्र्याला वर्तमानपत्राने घालवले असे म्हणणे चुकीचे ठरेल. वर्तमानपत्राने न्यायालयाला वाचता येईल असे काहीतरी पुढे ठेवले.

दुसरे उदाहरण अलीकडचे. एप्रिल २०१८ मध्ये द क्विंट या बातम्यांच्या संकेतस्थळाच्या पूनम अगरवाल यांनी एक-एक हजार रुपयांचे दोन निवडणूक रोखे, म्हणजे राजकीय पक्षांना नाव जाहीर न करता देणगी देण्याचे रोखे, विकत घेतले आणि प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली. साध्या डोळ्यांना न दिसणारा अक्षरे आणि अंक मिळून झालेला क्रमांक अतिनील प्रकाशात दिसला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोख्यांची ती योजना घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर आधी बाहेर आलेल्या माहितीत रोखे घेणाऱ्यांची यादी वेगळी होती आणि ते वटवणाऱ्या पक्षांची वेगळी. दोन्ही याद्या जोडणारा दुवा म्हणजे तोच क्रमांक. मार्च २०२४ मध्ये तो जाहीर झाला आणि कुणाचा पैसा कुणाकडे गेला हे लोकांना जुळवता आले. सहा वर्षांपूर्वीची छोटीशी तपासणी अशी कामी आली.

तुमच्या रस्त्याला हीच पद्धत लागू पडते. किती लवकर, हे मात्र परिस्थितीवर आहे. नगरपरिषदेत निवडून आलेली सभा आहे की प्रशासक, काम कोणत्या निधीतून झाले, लेखापरीक्षण कुठपर्यंत आले आहे, आणि गावात तुम्हाला कितपत धोका आहे, यावर पुढचे सगळे बदलते. २०२२ नंतर राज्यातल्या अनेक नगरपरिषदांत बराच काळ प्रशासक होते. काम त्या काळातले असेल तर सभेत प्रश्न विचारणारा नगरसेवकच नव्हता हे लक्षात घ्या. अशा कामांकडे जास्त बारकाईने पाहावे लागते, कारण मंजुरी देणारा आणि बिल काढणारा एकच असण्याची शक्यता असते.

आता कागद. माहिती अधिकाराचा अर्ज करताना ‘रस्ता का उखडला’ असे विचारू नका. कायदा कार्यालयाकडे असलेली नोंद देतो, कारणमीमांसा देत नाही. २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की नसलेली माहिती नव्याने तयार करून देणे कार्यालयावर बंधनकारक नाही. म्हणून कागदाचे नाव घेऊन मागा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, त्यामुळे मजकूर असा नेमका ठेवा :

‘अमुक चौक ते तमुक चौक रस्ता काँक्रिटीकरण या कामाच्या नस्तीतील (फाइलमधील) पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात : प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता व अंदाजपत्रक, निविदांचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, सर्व चालू व अंतिम देयके, काँक्रीट घन चाचणीचे ७ व २८ दिवसांचे अहवाल, काँक्रीट पुरवठ्याची चलने, त्रयस्थ तपासणी अहवाल, काम पूर्ण झाल्याचा दाखला, दोषदायित्व कालावधीची अट असलेले करारनाम्याचे पान.’

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या. उत्तराची मुदत ३० दिवस. त्या मुदतीत उत्तर आले नाही तर पुढे माहिती फुकट द्यावी लागते. पहिले अपील ३० दिवसांत करायचे असते आणि त्यासाठी वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. दुसऱ्या अपिलासाठी ९० दिवस असतात, पण राज्य माहिती आयोगाकडे ते अनेक महिने पडून राहते, तेव्हा सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. त्यापेक्षा अर्जात ‘मला नस्तीचे निरीक्षणही करायचे आहे’ हे एक वाक्य घाला. निरीक्षणाचा पहिला तास विनामूल्य असतो. प्रती मागवल्या की तुम्ही नावे घेतलेली पाने मिळतात. नस्ती हातात घेतली की ज्यांची नावे ठाऊकच नव्हती ती पानेही दिसतात : मार्जिनमधला पेन्सिलीचा शेरा, परत पाठवलेले बिल, अभियंत्याने आधी घेतलेली आणि नंतर मागे घेतलेली हरकत.

कागद आले की आधी मोजमाप पुस्तिका उघडा. तिला सगळे ‘एमबी’ म्हणतात. कनिष्ठ अभियंता प्रत्यक्ष मोजून तिच्यात लांबी, रुंदी, जाडी लिहितो आणि बिल तिच्यावरून निघते. समजा तिच्यात २५० मीटर लांब, ४ मीटर रुंद, २० सेंटिमीटर जाड असे लिहिले आहे. म्हणजे २०० घनमीटर काँक्रीट. तयार काँक्रीट आणणाऱ्या गाडीत ६ घनमीटर माल असेल, तर ३४ फेऱ्या हव्यात. प्रत्येक गाडीसोबत येणारी मालाची चलने मोजा. २४ निघाली तर आला १४४ घनमीटर माल, आणि तो हजार चौरस मीटरवर पसरला तर जाडी भरते १४.४ सेंटिमीटर. रस्ता खणायची गरज पडली नाही. बातमी या एका आकड्यावर उभी राहते.

इथे घाई करू नका. गाड्यांची क्षमता वेगवेगळी असते, म्हणून फेऱ्यांपेक्षा प्रत्येक चलनावर लिहिलेले घनमीटर बेरजेत धरा. ठेकेदाराने काही माल जागेवर मिक्सर लावून केला असेल तर त्याची चलने नसतात, तेव्हा सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब मागावा लागतो. चलने नस्तीला जोडायची राहिली असेही होते. ही प्रत्येक शक्यता लेखी प्रश्नात घाला. अधिकाऱ्याकडे खरे स्पष्टीकरण असेल तर ते छापण्याआधी कळलेले बरे.

तारखांची जुळणी याहून सोपी, आणि बहुतेक जण तीच करत नाहीत. काँक्रीट ओतताना त्याच मालाचे घन भरून ठेवतात. एक संच सातव्या दिवशी आणि दुसरा अठ्ठाविसाव्या दिवशी दाबयंत्रात फोडून ताकद मोजतात. ३ मार्चला भरलेल्या घनाचा अठ्ठाविसावा दिवस ३१ मार्चला येतो. म्हणजे ३ मार्चनंतर ओतलेल्या काँक्रीटचा २८ दिवसांचा अहवाल त्या आर्थिक वर्षात तयार होणे शक्यच नाही. मार्चअखेरच्या बिलांत मात्र तो जोडलेला सापडू शकतो. ७ दिवसांच्या अहवालावर चालू बिल देणे काही करारांत चालते, म्हणून आधी करार वाचा आणि मगच बोट ठेवा. पण २८ दिवसांचा अहवाल विसाव्या दिवशीच तयार असेल, तर त्याचे स्पष्टीकरण कोणत्याच करारात मिळणार नाही.

तिसरी जुळणी वेळखाऊ, पण माझ्या मते सर्वांत मोलाची. गेल्या पाच वर्षांत नगरपरिषदेने काढलेल्या सगळ्या रस्त्यांच्या निविदांची यादी करा आणि प्रत्येक काम नकाशावर रेघ मारून दाखवा. एकाच रस्त्याला कागदावर तीन नावे असू शकतात : एकदा ‘बसस्थानक ते मारुती मंदिर’, एकदा ‘प्रभाग ४ मधील मुख्य रस्ता’, एकदा ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या दुकानापर्यंत’. यादीत ती तीन कामे दिसतात, नकाशावर एकावर एक बसतात. कराराप्रमाणे दोषदायित्व कालावधीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. तो कालावधी चालू असताना त्याच तुकड्यावर नव्या नावाने नवी निविदा निघाली असेल, तर एकाच रस्त्याचे पैसे दोनदा चालले आहेत. सलग रस्त्याचे ई-निविदेच्या मर्यादेखाली बसणारे तुकडे पाडले असतील तर तेही याच नकाशावर कळते. मोठ्या निविदांची माहिती महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर असते, छोट्या कामांची यादी माहिती अधिकारात मागावी लागते.

जागेवर मोजणी करायचीच असेल तर टेपने करा. मोबाइलच्या जीपीएसची चूक काही मीटरची असते आणि छोट्या रस्त्यात तेवढ्याने निष्कर्ष उलटतो. रुंदी दर वीस मीटरवर घ्या, सोबत दोन माणसे ठेवा, टेपवरचा आकडा दिसेल असे छायाचित्र काढा. जाडी बघायला रस्ता उकरू नका. सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान म्हणून गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल. माहिती अधिकार कायद्यात कामाचे निरीक्षण करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्क आहे, तो लेखी मागा. नकार मिळाला तर तो नकारही बातमीत जातो.

आतल्या माणसाने कागद दिला असेल तर खबरदारी आणखी वाढते. आपल्याकडे पत्रकाराच्या स्रोताला न्यायालयात संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा नाही. प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५ ने स्रोत उघड करण्याची सक्ती प्रेस कौन्सिलला करता येत नाही, पण ते संरक्षण कौन्सिलपुरतेच. म्हणून मिळालेल्या पानाचा फोटो कधीही तसाच दाखवू नका. घडी, शिक्क्याचा कोन, कोपऱ्यातली पिनेची जागा, एवढ्यावरून कुणाच्या टेबलावरची प्रत ती कळते. तोच कागद माहिती अधिकारात अधिकृतपणे मिळवा. मात्र अर्जात त्याचा जावक क्रमांक आणि तारीख लिहिलीत, तर तो तुम्ही आधीच पाहिला आहे हे तुम्हीच सांगितल्यासारखे होते. ‘१ जानेवारी ते ३१ मार्च या काळातील या कामाबाबतचा सर्व पत्रव्यवहार’ असे मागा. दहा पाने जास्त येतील, पानाला दोन रुपये पडतील, माणूस सुरक्षित राहील.

नकार देताना जन माहिती अधिकारी ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) पुढे करतील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हे कलम आधीपेक्षा कडक केले आहे, आणि पत्रकारांना त्याचा खरोखर त्रास आहे. तरी कलम ८(२) शिल्लक आहे : व्यापक जनहित जपण्याची गरज संरक्षणापेक्षा मोठी असेल तर माहिती देता येते. अपिलात त्याचा उल्लेख करा आणि जनहित कोणते ते दोन ओळींत लिहा. मोजमाप पुस्तिका, देयके, चाचणी अहवाल हे सार्वजनिक पैशाच्या कामाचे कागद आहेत. ठेकेदाराचा घरचा पत्ता किंवा बँक खाते तुम्हाला नकोच आहे, ते झाकून द्या असे स्वतःहून लिहिलेत तर अर्धा वाद मिटतो.

छापण्याआधी लेखी प्रश्न पाठवा. फोनवर घेतलेली प्रतिक्रिया पुरत नाही. प्रश्नांना क्रमांक द्या, प्रत्येकात एकच गोष्ट आणि कागदाचे पान असू द्या. मुख्याधिकारी, बिलावर सही करणारा अभियंता आणि ठेकेदार, तिघांनाही वेगवेगळे पाठवा. साध्या विषयाला दोन दिवस, अशा आकडेमोडीच्या बातमीला पाच ते सात दिवस द्या. ईमेल कराच, शिवाय आवक विभागात प्रत देऊन पोच घ्या. उत्तर आले तर कापाकाप न करता पूर्ण द्या. उत्तर चुकीचे असेल तर ते पुढच्या बातमीचे साहित्य असते, कारण आता त्यावर कार्यालयाची सही आहे.

शब्दांच्या बाबतीत मी फार कडक आहे. ‘भ्रष्टाचार’, ‘लाटले’, ‘संगनमत’ हे शब्द बातमीतून काढा. तुम्हाला माहीत आहे ते एवढेच, की एमबीत २० सेंटिमीटर आहे आणि चलनांवरून १४.४ निघतात. पैसे कुणाच्या खिशात गेले हे माहीत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी आजही फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत साधा कारावास होऊ शकतो. १९९४ च्या राजगोपाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सार्वजनिक नोंदींवर आधारलेल्या मजकुरावर साधारणपणे हरकत घेता येत नाही, आणि सरकारी कामकाजावरच्या टीकेसाठी अधिकाऱ्याला नुकसानभरपाई हवी असेल तर लेखकाने सत्याची पर्वाच केली नाही हे सिद्ध व्हावे लागते. हा मोठा आधार आहे, पण दिवाणी दाव्यात. म्हणून प्रत्येक वाक्यासमोर त्याचा कागद लिहिलेली एक प्रत जपून ठेवा. मूळ व्हिडिओ ज्या फोनमध्ये काढला तो पुसू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात नेताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते.

‘स्वतंत्र’ या शब्दाबद्दल स्पष्टच बोलतो. तालुक्याच्या गावात दबाव धमकीपेक्षा जाहिरातीतून जास्त येतो. नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, नगरपरिषदेच्या जाहीर सूचना, ठेकेदाराच्या नात्यातल्या माणसाच्या दुकानाचे उद्घाटन. छोटे माध्यम यावरच चालते आणि ते बंद करा असे सांगणे सोपे नाही. पण दोन गोष्टी आजपासून करता येतात. गेल्या बारा महिन्यांत कुणाकडून किती पैसे आले याची वही ठेवा, आणि एकाच घराण्याचा किंवा कार्यालयाचा वाटा चौथ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. आणि ज्याच्यावर बातमी आहे त्याची जाहिरात घेतली असेल तर बातमीच्या खाली तसे लिहा. तुमच्या तिसऱ्या बातमीत विरोधी नगरसेवकाचा आरोप होता. तो बरोबर असेलही, पण तो मुख्य आधार झाला की मुख्याधिकाऱ्यांना ‘राजकीय आरोप’ म्हणून सुटता येते. त्याच्याकडून कागदाचा सुगावा घ्या. बातमी मात्र कागदावर उभी करा.

बातमी आल्यानंतर स्वतः तक्रारदार होऊ नका, असे माझे मत आहे. काही चांगले पत्रकार याच्या उलट करतात आणि त्यांचीही कारणे आहेत. पण तक्रार केली की तुम्ही त्या प्रकरणातले पक्षकार होता आणि पुढची प्रत्येक बातमी पक्षकाराची ठरते. तक्रार रहिवाशांनी करावी, कागद तर तुम्ही जाहीर केलेलेच आहेत. तुम्ही जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेला एवढेच विचारा : या कामाची चौकशी लावली आहे का, कोणाकडे दिली, अहवाल कधी येणार? शिवाय स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या अहवालातले बांधकाम विभागाचे परिच्छेद आणि त्यांवरचा अनुपालन अहवाल, म्हणजे आक्षेपांवर कार्यालयाने काय केले याचा अहवाल, मागवा. तुम्ही पकडलेली गोष्ट लेखापरीक्षकाने आधीच लिहून ठेवलेली असू शकते. मग प्रश्न रस्त्यापुरता राहत नाही. सांगूनही वसुली का झाली नाही, हे विचारता येते.

शेवटी दिनदर्शिका. तुमच्या तीन बातम्या दोन आठवड्यांत आल्या आणि संपल्या, कार्यालयाला एवढेच सोसायचे होते. करारात दोषदायित्वाचा कालावधी आणि ठेकेदाराची सुरक्षा अनामत परत करण्याची अट असते. त्या दोन्ही तारखा आजच लिहून ठेवा. अनामत परत जाण्याच्या दोन महिने आधी एक अर्ज टाका : या कालावधीत रस्त्याची पाहणी किती वेळा झाली, पाहणी अहवालांच्या प्रती, ठेकेदाराला दुरुस्तीसाठी दिलेल्या नोटिसा, आणि अनामतीची सद्यस्थिती. नोटीस एकही निघाली नसेल तर पैसे हातात असतानाच ते छापा. रक्कम एकदा ठेकेदाराच्या खात्यात गेली की वसुलीचे पत्र वर्षानुवर्षे फिरत राहते.